यादीत नसलेले पाचवे कारण

विषय: परत आलेल्या मालाच्या कारणांच्या यादीत एक कारण वाढवून मिळण्याबाबत.

संदर्भ: श्रीमती इंदुमती खराडे, परत माल विभाग, यांचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून वाचकांच्या माहितीसाठी सादर करण्यात येते की, एका गावात कडबाकुट्टीचा एक कारखाना होता. कडबाकुट्टी म्हणजे गुरांची वैरण बारीक तोडणारे यंत्र. एका तोंडाने वैरण आत जाते, दोन रूळ ती ओढून घेतात आणि पुढे पाती फिरत असतात. रुळांना वैरण आणि हात यांतला फरक कळत नाही. म्हणून यंत्राच्या बाजूला एक दांडा असतो. हात ओढला जातोय असे वाटले की दांडा मारायचा. रूळ उलटे फिरतात आणि हात मालकाला परत मिळतो. त्या दांड्याला एक खिट्टी असते, म्हणजे ज्यावर तो फिरतो ती खीळ. प्रकरण त्या खिट्टीचे आहे.

कारखान्याचे मालक भूपाल उगारे. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणे. पहिली यंत्रे अण्णांनी स्वतःच्या हाताने जोडली होती. कारखाना वाढला तसे ते केबिनमध्ये बसू लागले. कोणाला काही हवे असेल तर तो शेडमधून ओरडून विचारी आणि अण्णा केबिनमधून ओरडून सांगत. एवढ्यावर कामकाज ठीक चालले होते.

मग अण्णांच्या साडूने आपल्या कारखान्यात सॉफ्टवेअर बसवले. अण्णा त्याच्याकडे जेवायला गेले, तेव्हा साडूने त्यांना आधी केबिन दाखवली. भिंतीवर मोठा पडदा होता. पडद्यावर रंगीत गोल होता आणि त्या गोलाच्या फोडी केल्या होत्या. माल किती गेला, किती आला, कुठे अडला, सगळे त्या फोडींत दिसे. अण्णांचे जेवणात लक्ष लागले नाही. घरी आल्यावर त्यांनी पुण्याला फोन लावला.

पुण्याहून देवस्थळी नावाचा तरुण आला. सॉफ्टवेअर बसवून देणे हा त्याचा धंदा. त्याने चहा घ्यायच्या आधीच सांगितले, "अण्णा, पहिले काही दिवस मला नुसतं बघत बसू द्या. माल कुठून येतो, कोण उतरवून घेतो, कोण कुणाला विचारतो. काम कळल्याशिवाय सॉफ्टवेअर लावलं तर तुमचं काम त्याच्या मागं फरफटत जाईल."

"बघायला काय आहे त्यात?" अण्णा म्हणाले. "साडूकडं आहे तसंच बसवा. गोल तेवढा त्याच्यापेक्षा मोठा करा."

सॉफ्टवेअरच्या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी अशा रीतीने चहा यायच्या आत पार पडली.

देवस्थळीने तरी आपल्या परीने चांगले काम केले. प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पासवर्ड दिला. कोणी काय नोंदवले हे त्याच्या नावासकट खाली दिसेल अशी सोय केली. खऱ्या कामाला हात लावण्याआधी सराव करता यावा म्हणून सगळ्याची एक नक्कल वेगळी ठेवली. शेवटी प्रश्न राहिला परत येणाऱ्या मालाचा. गिऱ्हाइकाने यंत्र परत आणले, तर ते का आणले हे निवडायला एक यादी हवी होती. ती ठरवण्यासाठी विभागप्रमुखांची बैठक बोलावण्यात आली.

बैठकीला उत्पादन, खरेदी, विक्री आणि रंगकाम असे सगळे प्रमुख हजर होते. परत माल विभागाला बोलवायचे कोणाला सुचले नाही, कारण तो विभाग म्हणजे मागच्या शेडमधले एक टेबल, एक पंखा आणि इंदुमती खराडे.

देवस्थळीने फळ्यावर बारा-पंधरा कारणे लिहून आणली होती. त्यात 'जोडणीत दोष' असे एक कारण होते. उत्पादनप्रमुख नलवडे म्हणाले, "जोडणी माझ्याकडं आहे. माझ्याकडं दोष नाही." ते पुसले. 'सुटा भाग निकृष्ट' असे दुसरे होते. खरेदीप्रमुख म्हणाले, "मी बघूनच घेतो." तेही पुसले. 'चुकीचे यंत्र पाठवले' यावर विक्रीप्रमुखांनी नुसती मान हलवली. रंगकामवाल्यांनी आपले कारण स्वतः उठून पुसले, फडके न शोधता हातानेच. बैठक मोठ्या खेळीमेळीत झाली. ज्याने त्याने आपापले पुसले आणि दुसऱ्याचे पुसायला मदत केली. शेवटी फळ्यावर चारच कारणे उरली: ग्राहकाची अयोग्य हाताळणी, वाहतुकीत नुकसान, विजेचा कमी-जास्त दाब आणि हवामान. या चौघांपैकी बैठकीला कोणीच आले नव्हते.

"निदान 'इतर' असं एक ठेवू," देवस्थळी म्हणाला.

"इतर ठेवलं की लोक तेच निवडतात," नलवडे म्हणाले. हे खरे होते, त्यामुळे 'इतर' फळ्यावर आले नाही.

"मग रकाना सक्तीचा तरी नको. एखाद्याला रिकामा सोडायचा झाला तर..."

"सक्तीचा नसेल तर कोण भरतंय? लावा चांदणी."

ज्या रकान्यापुढे लाल चांदणी असते तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. देवस्थळी म्हणाला, "साहेब, चांदणी लावली की माणूस काहीतरी भरतोच. ते खरंच असेल अशी हमी चांदणी देत नाही."

"हमी आमची," नलवडे म्हणाले. "तुम्ही चांदणी लावा."

देवस्थळीने चांदणी लावली. तेव्हा तो याहून जास्त भांडला नाही, हे नोंदवून पुढे जाऊ. जाता जाता मात्र त्याने एक गोष्ट कोणाला न विचारता केली. कोणत्याही यादीत बदल हवा असेल तर कर्मचाऱ्याला सॉफ्टवेअरमधूनच अर्ज करता येईल अशी सोय ठेवली. अर्ज संबंधित प्रमुखाकडे जाई. प्रमुखाने तो मंजूर करावा किंवा नामंजूर करावा. नामंजूर करायचा तर कारण स्वतःच्या शब्दांत लिहावे लागे. त्या रकान्यालाही त्याने लाल चांदणी लावून ठेवली.

सॉफ्टवेअर सुरू झाले. अण्णांच्या केबिनमध्ये साडूच्या पडद्याहून चार बोटे मोठा पडदा लागला. परत मालाच्या गोलात जवळजवळ सगळी फोड तांबडी होती. तांबडा रंग ग्राहकाचा. यादी उघडली की 'अयोग्य हाताळणी' सर्वांत वर येई. सुरुवातीला माल उतरवून घेणारा जो तो नोंद करी आणि घाईत वरचेच निवडी; पुढे ते काम इंदुमतीच्या टेबलावर गेले. अण्णा येईल त्याला तो गोल दाखवीत. "बघा. आपला माल चांगला आहे. लोकांनाच वापरता येत नाही." मग त्यांनी यंत्र कसे वापरावे याची एक पुस्तिका काढली. ती प्रत्येक यंत्राबरोबर जाऊ लागली. पुस्तिका मोठ्या अक्षरांत होती आणि पहिल्या पानावर हात जोडलेले अण्णांचे चित्र होते.

त्याच सुमारास नलवड्यांनी दांड्याची खिट्टी बदलली. पूर्वी ती पोलादी असे. आता ओतीव लोखंडाची बसू लागली. ती दिसायला तशीच होती, पण ओल्या वैरणीचा रस आत गेला आणि वाळला की जागच्या जागी आवळून बसे. मग दांडा मारला तरी हलत नसे. कोरड्या कडब्याला ती उत्तम चाले. कारखान्यात चाचणी कोरड्या कडब्यावरच होई, कारण ओल्याने फरशी खराब होते.

आता इंदुमती खराडे यांच्याविषयी. ही बाई शिकलेली होती, तोंडाने तिखट होती आणि कामाला चोख होती. कारखान्यात तिला घाबरणारे पुष्कळ होते आणि ती ते ओळखून होती. टेम्पो उलटून मोडलेले यंत्र आले तर ती 'वाहतुकीत नुकसान' निवडी. एका गड्याने वैरणीबरोबर आख्खा दगड आत घातला होता, तेव्हा तिने 'अयोग्य हाताळणी' निवडले आणि त्या गड्याला ते वाचूनही दाखवले. यादीत बसेल ते यादीत घालायला तिची हरकत नव्हती.

एके दिवशी शेजारच्या गावाहून हौसाबाई मगदूम टेम्पोतून आपले यंत्र घेऊन आल्या. त्यांच्या उजव्या मनगटावर फडके बांधले होते.

"काय झालं मावशी?" इंदुमतीने विचारले.

"उसाचं वाढं, वल्लं हिरवं शेंडं, घालत हुतो. हात गेला. दांडा मारला तर हलंना. परत मारला, तरी हलंना. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या, त्यांच्यावरच रूळ जरा अडलं म्हणून हात वडून घेतला. पोरानं वायर उपटली तवा ते थांबलं."

इंदुमतीने यंत्राचा दांडा धरून ओढला. हलला नाही. तिने स्क्रीनकडे पाहिले. यादी उघडली होती. नवे यंत्र बदली द्यायचे तर आधी कारण निवडायला हवे होते.

"तुमची चूक असं लिहावं लागेल," ती म्हणाली. "ह्यात तेवढंच जवळचं आहे. नाहीतर वाहतूक, वीज किंवा हवामान."

"वाचा की परत."

इंदुमतीने चारही कारणे परत वाचली.

"ह्यात दांडा कुठं हाय?"

"नाही."

"मी हात घातला न्हाई बाई. यंत्रानं घेतला. आता ही माझी चूक म्हणायची काय हवामानाची?"

मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. पुढे अजून दोन यंत्रे उतरायची होती. बोट एकदा दाबले की काम संपणार होते, हौसाबाईंना नवे यंत्र मिळणार होते, पडद्यावरच्या तांबड्या फोडीत एक कण वाढणार होता आणि तसल्याच खिट्टीचे नवे यंत्र टेम्पोत चढणार होते.

इंदुमतीने बोट उचलले आणि यादी बंद केली.

"मी ह्यातलं काही लिहिणार नाही," ती म्हणाली. "पण मग तुम्हाला आज यंत्र मिळणार नाही. सॉफ्टवेअर देऊ देत नाही."

"कवा मिळंल?"

"खरं लिहायला जागा झाली की."

हौसाबाईंनी क्षणभर विचार केला. "ऱ्हाऊ दे. घरात कोयता हाय. त्याला दांडा न्हाई न् खिट्टी न्हाई. माझी चूक तेवढी लिहू नगंस."

त्या गेल्यावर इंदुमतीने रंगकामातून पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि हौसाबाईंच्या यंत्रावर ठसठशीत अक्षरांत लिहिले: दांड्याची खिट्टी अडकते. आमची चूक. मग टेबलावर येऊन अर्ज केला. अर्जात तिने पाचवे कारण मागितले: 'कारखान्याची चूक'. शेऱ्यात खिट्टीचे वर्णन केले. अर्ज नलवड्यांकडे गेला.

त्यानंतर खिट्टी अडकलेली यंत्रे येत राहिली. ओल्या वैरणीचे दिवस होते; दुसऱ्या कारणाने मोडलेले यंत्र त्या महिन्यात आलेच नाही. इंदुमती प्रत्येक यंत्राचा दांडा ओढून पाही, हलला नाही तर कारणाचा रकाना रिकामा ठेवी आणि यंत्र रंगवी. नोंद पुरी न झाल्याने ती यंत्रे सॉफ्टवेअरला माहीत होत नसत. ती नुसती मागच्या आवारात एकापुढे एक उभी राहत.

नलवडे तिच्या टेबलाशी आले.

"खराडेबाई, काय चाललंय?"

"तुमच्याकडं अर्ज आहे माझा. त्याचं काय चाललंय?"

"एक बोट दाबायचं तर आहे. तुमचं काय जातंय त्यात?"

"माझं काही जात नाही. ज्यांचं जातंय त्यांच्या नावावर मी बोट दाबणार नाही."

"यादी बैठकीत ठरलेली आहे. सगळ्यांच्या संमतीनं."

"ग्राहकाची संमती घेतली होती का? सगळ्यात वर त्याचंच नाव आहे म्हणून विचारते."

"मग अर्ज मागं घ्या."

"नामंजूर करा की. कारण लिहा आणि करा. लिहायची जागा तिथं मोठी दिलेली आहे."

नलवडे आपल्या जागेवर जाऊन बराच वेळ त्या जागेसमोर बसून राहिले. मंजूर केले तर पाचवे कारण यादीत येणार होते. नामंजूर करायचे तर का, ते लिहायला हवे होते आणि खाली नाव येणार होते. लिहिण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. त्यांनी अर्ज तसाच ठेवला आणि देवस्थळीला पुण्याला फोन लावला.

"खराडेबाईंच्या नावानं मला आत जाऊ द्या. थोड्या नोंदी उरकायच्या आहेत."

"तुमच्या नावानं उरका ना साहेब. तुम्हाला तो हक्क दिलेला आहे."

"माझं नाव येईल की खाली."

"येईल."

"ते काढता येत नाही?"

"येतं. मी काढणार नाही."

"अण्णांच्या साडूकडं असं नाव येत नाही म्हणे."

"तिथलं मी बसवलेलं नाही."

"देवस्थळी, पुढचं काम आम्हाला दुसऱ्याला द्यावं लागेल."

"द्या. बैठकीत मी चांदणी लावून दिली, तेवढं माझ्याकडून एकदा झालं. आता दुसऱ्याच्या नावानं बोट दाबायची सोय माझ्याकडून होणार नाही. यादीत बदल हवा असेल तर बाईंचा अर्ज तुमच्यासमोर आहे. मंजूर करा, बाकी काम माझ्याकडं पाच मिनिटांचं आहे."

प्रकरण अण्णांपर्यंत गेले. अण्णांनी इंदुमतीला केबिनमध्ये बोलावले. मागे पडद्यावर गोल फिरत होता.

"बाई, मला सगळं कळतंय," अण्णा म्हणाले. "पण ते कारण एकदा यादीत आलं की गोलात येतं. गोल सगळे बघतात. एजंट बघतात, साडू बघतो. 'कारखान्याची चूक' अशी एक फोड दिसली की बाजारात काय बोलतील?"

"गोलात येऊ नये म्हणून ती यंत्रात राहू द्यायची का अण्णा?"

"यंत्रात आहे हे कोण म्हणतंय? गोल तर..."

"गोलाला आम्ही जे सांगतो तेच तो दाखवतो. त्याला खिट्टी सांगायला जागाच ठेवलेली नाही. मागच्या आवारात चला, मी दाखवते."

"आवार रिकामं आहे. हे बघा." अण्णांनी पडद्यावर बोट ठेवले. परत माल: शून्य. आवार: रिकामे. कारखाना सुरू झाल्यापासून इतका चांगला महिना त्यांनी पाहिला नव्हता.

इंदुमती दाराकडे वळली.

"ऐका," अण्णा म्हणाले. "तुमच्यामुळं काम अडलं तर मला पहिल्यांदा तुमचं टेबल उचलावं लागेल."

"उचला. मागच्या भिंतीला ओल आलीय, तेवढी त्या निमित्तानं बघून घ्या," इंदुमती म्हणाली आणि जागेवर गेली. तिच्या घरात तिचाच पगार येत होता. हे अण्णांना माहीत होते आणि तिलाही. त्या दिवशी आलेले यंत्र तिने नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवले.

यानंतर अण्णांनी साडूला जेवायला बोलावले. जेवण हे निमित्त होते. साडू पुढच्या दाराने यायचा, पण पुढच्या दारात नवा माल घेऊन निघालेली लॉरी अडकून उभी होती. तिला वळायला मागचे आवार लागते आणि आवारात जागा नव्हती. म्हणून साडू मागून आला आणि लंगडत केबिनमध्ये शिरला.

"काय झालं?" अण्णांनी विचारले.

"गुडघा लागला. तुझ्या मागच्या आवारात केवढी यंत्रं उभी आहेत."

"आवार रिकामं आहे," अण्णा म्हणाले आणि पडदा दाखवला.

साडूने पडद्याकडे पाहिले, मग गुडघ्याकडे पाहिले. "मग हा मला कशानं लागला, भूपाल? हवामानानं?"

अण्णा उठून मागे गेले. साडू लंगडत मागोमाग. आवारात भिंतीपासून फाटकापर्यंत यंत्रे उभी होती आणि प्रत्येकावर पिवळ्या अक्षरांत एकच मजकूर होता. साडूने पहिला मोठ्याने वाचला. दुसराही वाचला. तिसऱ्याला अण्णांनी त्याला थांबवले.

"पुसा हे सगळं," अण्णा म्हणाले. नलवडे धावत आले होते. इंदुमतीही आली होती. "बाई, आत्ताच्या आत्ता पुसा."

"पुसते," इंदुमती म्हणाली. "त्याआधी नलवडेसाहेबांनी एक पेंढी घालून दाखवावी. योग्य हाताळणी कशी असते ते मला शिकून घ्यायचं आहे."

तिने हौसाबाईंचे यंत्र जोडून सुरू केले. कोपऱ्यातून उसाच्या ओल्या वाढ्याची एक पेंढी आणून नलवड्यांच्या हातात दिली. नलवड्यांनी पेंढी घेतली. यंत्राच्या तोंडाकडे पाहिले. मनगटावरचे घड्याळ काढून खिशात ठेवले. मग पेंढी खाली ठेवली.

"मला आत एक फोन येणार आहे," ते म्हणाले.

"पुस्तिका आणून देऊ का?" इंदुमतीने विचारले. "पहिल्या पानावर अण्णा आहेत."

अण्णांनी भिंतीला टेकवलेली बांबूची काठी उचलली. ही यंत्रे त्यांनी एके काळी स्वतः जोडली होती आणि काय करायचे ते त्यांना कोणी सांगायला नको होते. त्यांनी पेंढीबरोबर काठी आत घातली आणि दुसऱ्या हाताने दांडा मारला. दांडा हलला नाही. परत मारला. काठी आत जात होती. तिसऱ्यांदा त्यांनी सगळ्या अंगाचा भार देऊन मारला, मग काठी सोडून दिली आणि मागे सरले. पात्यांनी काठी शेवटपर्यंत तोडली. पुढे बांबूच्या सारख्या मापाच्या चकत्या पडल्या. यंत्र कामाला चांगलेच होते.

इंदुमतीने वायर काढली.

अण्णा आपल्या हाताकडे बघत उभे होते. "नलवडे, ही खिट्टी कसली आहे?"

"ओतीव आहे अण्णा. पोलादी घडवायला वेळ लागत होता."

"एवढी यंत्रं परत आली. पडद्यावर एकदाही का दिसलं नाही?"

नलवडे म्हणाले, "रिपोर्टमध्ये तसं कारण येत नाही अण्णा."

हे उत्तर अगदी बरोबर होते. अण्णांनीच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अण्णांच्याच बैठकीने ठरवलेली यादी ते कारण येऊच देत नव्हती. अण्णांनी अडकलेली लॉरी तिथेच रिकामी करायला सांगितली. नव्या-जुन्या सगळ्या यंत्रांची खिट्टी काढून पोलादी बसवायचे ठरले. अण्णा शर्टाच्या बाह्या दुमडून त्या कामाला स्वतः बसले. साडूला जेवायला उशीर झाला.

सगळे पांगू लागले तेव्हा इंदुमतीने विचारले, "आणि यादीचं अण्णा?"

अण्णांनी साडूकडे पाहिले. साडू पिवळी अक्षरे वाचत होता.

"यादीचं बघू," अण्णा म्हणाले.

यंत्रे दुरुस्त होऊन ज्याची त्याला परत गेली. सॉफ्टवेअरमध्ये ती कधी आलीच नव्हती, त्यामुळे गेल्याचीही नोंद झाली नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हौसाबाईंचा हात अडकलाच नव्हता. हौसाबाई यंत्र न्यायला आल्या तेव्हा इंदुमती रॉकेलचा बोळा घेऊन पिवळी अक्षरे पुसायला निघाली.

"ऱ्हाऊ दे ते," हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी आधी दांडा चार-पाच वेळा मारून पाहिला. तो सटासट हलला. "एवढ्या मोठ्या कारखान्यानं चूक लिवून दिलीया. गावात कुणाच्या यंत्रावर असं हाय?"

"दांडा आता चालतो. वरचा मजकूर खोटा झाला की."

"मग त्याच्याम्होरं लिव की, दुरुस्त केली म्हणून."

इंदुमतीने तसे लिहून दिले. टेम्पो गेला.

तिचे टेबल उचलले गेले नाही. मागच्या भिंतीची ओल आहे तिथेच आहे. खिट्टी अडकलेली यंत्रे यायची बंद झाली. मात्र परवा एका यंत्राची पाती उलटी बसवलेली आली. ती उलटी कारखान्यातच बसली होती. इंदुमतीने यादी उघडली, चारही कारणे वाचली, रकाना रिकामा ठेवला आणि पिवळा डबा उघडला. अण्णा तिथून जात होते. त्यांनी पाहिले आणि ते पुढे गेले. नंतर रंगकामातून दुसरा डबा तिच्या टेबलाखाली आणून ठेवण्यात आला. तो कोणी पाठवला याची कुठे नोंद नाही.

तात्पर्य: यादीत खरे कारण नसेल तर जवळचे खोटे निवडू नये, रकाना रिकामा ठेवावा, काम अडू द्यावे आणि खऱ्यासाठी जागा मागत राहावे.

सद्यस्थिती: श्रीमती खराडे यांचा अर्ज श्री. नलवडे यांच्याकडे प्रलंबित आहे.